40 आणि 600: लेण्यांच्या तिकिटाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

छत्रपती संभाजीनगरात घर असलं की पाहुण्यांना वेरूळ-अजिंठा दाखवायचं काम आपोआप अंगावर येतं. आमच्याकडे ते माझ्याकडे आलं. पुण्यामुंबईचे भाचे येतात, अमेरिकेतली आतेबहीण येते, तिच्याबरोबर कधी तिच्या कार्यालयातलं कुणी असतं. लेण्यांबद्दल फार कुणी विचारत नाही, पण तिकिटाच्या खिडकीपाशी पोचलं की प्रत्येकाला प्रश्न पडतो. दरवेळी तीच उत्तरं देण्यापेक्षा एकदाच लिहून ठेवलेली बरी, म्हणून हे पान.

दर नेमके किती आहेत?

भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने तिकिटाच्या जागांचे दोन गट केले आहेत. अजिंठा, वेरूळ आणि घारापुरी पहिल्या गटात येतात. तिथे भारतीयांना 40 रुपये आणि परदेशी नागरिकांना 600 रुपये पडतात. दौलताबाद, बीबी का मकबरा, औरंगाबाद लेणी, कार्ले, रायगड, पुण्यातला शनिवारवाडा ही मंडळी दुसऱ्या गटात. तिथे 25 आणि 300. मोबाइलवरून तिकीट काढलं तर 40 चे 35 होतात, 600 चे 550, 25 चे 20 आणि 300 चे 250.

हे दर ऑगस्ट 2018 पासूनचे आहेत. 2016 च्या एप्रिलमध्ये पहिल्या गटाचे दर 30 आणि 500 झाले होते. त्याच्या आधी 10 आणि 250 होते. म्हणजे अडीच वर्षांत आपलं तिकीट चौपट झालं आणि परदेशी पाहुण्याचं अडीचपटसुद्धा नाही. ओरड मात्र आपण त्यांच्या नावाने करतो.

दौलताबाद, वेरूळ आणि मकबरा हा नेहमीचा एका दिवसाचा फेरा धरला, तर आपल्या माणसाला 90 रुपये लागतात आणि परदेशी पाहुण्याला 1200. गाडी, जेवण, वाटाड्या वेगळे.

मी न्यू जर्सीत राहते. मला कुठला दर?

पासपोर्ट भारतीय असेल तर 40. कुठे राहता याला इथे महत्त्व नाही, नागरिकत्व पाहतात.

पासपोर्ट अमेरिकी झाला असेल पण ओसीआय कार्ड (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या माणसाला मिळतं ते) असेल, तरीही 40 च. केंद्रीय गृह मंत्रालयाच्या 4 मार्च 2021 च्या अधिसूचनेत राष्ट्रीय स्मारकं, ऐतिहासिक जागा, संग्रहालयं आणि अभयारण्यांच्या प्रवेश शुल्कात ओसीआय कार्डधारकांना भारतीय नागरिकांच्या बरोबरीने धरलं आहे. पण कार्ड जवळ हवं. माझ्या आतेबहिणीचं कार्ड एकदा पुण्याच्या घरी, कपाटात राहिलं होतं. खिडकीवर तिने अस्खलित मराठीत पंधरा मिनिटं बाजू मांडली आणि मग मुकाट्याने 600 भरले. मराठी बोलता येणं हा पुरावा धरत नाहीत.

हाच पेच मॉरिशसच्या मराठी माणसाचा आणि इस्रायलमध्ये स्थायिक झालेल्या बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यू कुटुंबांचा. पणजोबा रायगड जिल्ह्यातल्या तेलाच्या घाण्यावरचे असोत, घरात आजही पुरणपोळी होत असो. ओसीआय कार्ड काढलेलं नसेल तर कोकणातल्याच लेण्यात ते परदेशी.

मुलांना आणि ज्येष्ठांना सवलत आहे का?

15 वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही, मग मूल कुठल्याही देशाचं असो. दहावीची सहल नेणाऱ्या शिक्षकांनी मात्र हजेरीपटावरच्या जन्मतारखा आधी पाहाव्यात. निम्म्या वर्गाला पंधरावं सरलेलं असतं आणि खिडकीवर भलताच हिशेब निघतो.

ज्येष्ठांसाठी दरपत्रकात वेगळी ओळ नाही.

आमच्याबरोबर नेपाळचे पाहुणे आहेत. त्यांना 600 का?

नाही, त्यांनाही 40 च. सार्क आणि बिमस्टेक या आसपासच्या देशांच्या दोन संघटना, त्यांच्या सदस्य देशांच्या नागरिकांना भारतीयांचाच दर आहे. त्यात नेपाळ, भूतान, बांगलादेश, श्रीलंका, मालदीव, पाकिस्तान, अफगाणिस्तान, शिवाय म्यानमार आणि थायलंड येतात. बौद्ध लेणी पाहायला येणाऱ्या थाई भिक्खूंना 40 आणि त्यांच्याच मागे उभ्या असलेल्या जपानी भिक्खूंना 600, अशी रांग वेरूळला दिसू शकते.

शेजाऱ्याला सवलत देण्याची रीत नेपाळातही आहे. भक्तपूरच्या जुन्या नगरात परदेशी माणसाला 1800 नेपाळी रुपये मोजावे लागतात, सार्क देशांतल्याला 500. आपण तिथे गेलो की हा फरक आपल्या बाजूने असतो आणि तेव्हा त्यात कुणाला काही खुपत नाही.

मला काही विचारलं नाही, माझ्या मैत्रिणीला मात्र आधार कार्ड दाखवायला लावलं. असं का?

तिचा चेहरा पाहून. याला गोड शब्द नाही.

माझी भाची पुण्यात शिकत असताना वसतिगृहातली मैत्रीण सुट्टीला घेऊन आली होती. मुलगी मिझोरामची, आयझॉलची. एका किल्ल्याच्या खिडकीवर आम्ही चौघी उभ्या होतो. तिघींना 25 प्रमाणे तिकिटं मिळाली आणि तिला 'पासपोर्ट?' असं विचारलं गेलं. तिने काही न बोलता आधार कार्ड पुढे केलं. तिला सवय होती, हेच जास्त लागलं. भाची भांडायला निघाली तर तीच म्हणाली, 'जाऊ दे, रोजचंच आहे.' तिच्या मागे गोरेपान, घारे डोळे असलेले एक पुणेरी काका होते. त्यांना कुणी काही विचारलं नाही, कारण तोवर ते सुट्टे पैसे नाहीत म्हणून खिडकीवर तावातावाने भांडू लागले होते.

दोन दर ठेवले की कुणाला कुठला, हे कुणीतरी ठरवणार. दोन सेकंदांत ठरवायचं असेल तर तो माणूस तोंडाकडेच पाहणार. म्हणून माझं म्हणणं असं, की कागद मागायचा तर रांगेतल्या प्रत्येकाला मागा, नाहीतर कुणालाच मागू नका आणि सांगतील त्यावर विश्वास ठेवा. चार-दोन परदेशी 40 रुपयांत आत गेले तर कैलास लेणं खचणार नाही. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने 2018 मध्ये बाहेरगावच्यांना सक्तीचं तिकीट लावलं, तेव्हा ओळखपत्र जवळ नसलेल्या स्थानिकाला परत पाठवायचं नाही, पुढच्या वेळी आणा एवढंच सांगायचं, असं ठरवलं होतं. तो धडा घेण्यासारखा आहे.

तोवर तुम्ही एवढंच करा: बरोबर कुणी ईशान्येकडचं असेल तर सगळ्यांची तिकिटं मोबाइलवरून आधीच काढा. तरी विचारलं, तर गटातल्या सगळ्यांनीच ओळखपत्रं बाहेर काढा.

पण 40 ला 600 म्हणजे पंधरापट! हा भेदभाव नाही का?

पंधरापट हा आकडा ऐकायला वाईट आहे, कारण 40 हा आकडा फार लहान आहे. 600 रुपये म्हणजे सात डॉलरच्या आसपास. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयाचं साधं तिकीट 22 युरो आहे, त्या मानाने अजिंठा कुणालाही स्वस्तच.

अजिंठ्याच्या चित्रांची निगा, छपरातून झिरपणारं पाणी अडवणं, पहारा, दिवे हा सगळा खर्च मुख्यतः सरकारी तिजोरीतून होतो. त्या तिजोरीत सिल्लोडचा कापूस वेचणारा मजूरही साबणाच्या वडीमागे भर टाकतो, मग त्याने लेणी जन्मात पाहिलेली नसली तरी. तो खिडकीपाशी येतो तेव्हा अर्धं तिकीट त्याने आधीच काढलेलं असतं. आणि समजा समतेखातर सगळ्यांना सरसकट 300 केले, तर रांगेतून कोण गळेल? फ्रान्सचा माणूस गळणार नाही. नवरा-बायको, म्हातारे आईवडील आणि दोन पोरं घेऊन, एका दिवसाचा रोज बुडवून एसटीने आलेलं कुटुंब गळेल. चार मोठ्यांचे 160 देतानाही ते एकदा एकमेकांकडे पाहतं; 1200 म्हटल्यावर बाहेरच्या झाडाखाली डबा खाऊन परत जाईल.

म्हणून दोन दर मला मान्य आहेत. मान्य नाही ते माप. पासपोर्टवरून माणसाची ऐपत कळत नाही. मुंबईतल्या तीन गाड्या बाळगणाऱ्या शेठजींना 40 आणि पुण्यात शिष्यवृत्तीवर शिकणाऱ्या केनियाच्या पोराला दरपत्रकाप्रमाणे 600, हे न्यायाचं गणित कुणालाही पटवून देता येत नाही. मी प्रयत्न केला आहे.

युरोपात असं चालत नाही म्हणतात. खरं का?

युरोपीय संघातल्या एका देशाने दुसऱ्या सदस्य देशाच्या नागरिकाला जास्त पैसे लावायचे नाहीत, हे तिथल्या न्यायालयाने दोनदा सांगितलं आहे. 1994 मध्ये स्पेनला, आणि 16 जानेवारी 2003 रोजी इटलीला. इटलीचं प्रकरण वाचण्यासारखं आहे. व्हेनिसच्या डोजेंच्या (तिथल्या जुन्या राज्यप्रमुखांच्या) राजवाड्यासारख्या स्थानिक संस्थांच्या जागांमध्ये इटालियन किंवा त्या गावच्या ज्येष्ठांना सवलत होती, इतरांना नव्हती. इटलीने बचाव केला की आमचे लोक कर भरतात. न्यायालय म्हणालं, तो कर आणि ही सवलत यांचा थेट संबंध दाखवा. इटलीला दाखवता आला नाही. एवढंच नव्हे, गावात राहणाऱ्यांनाच सवलत हीदेखील आडमार्गाने राष्ट्रीयत्वाची अट ठरते, कारण गावात बहुतेक आपलेच लोक राहतात, असंही न्यायालयाने म्हटलं.

करांचा युक्तिवाद मी वर मोठ्या ऐटीत केला आहे, म्हणून हे मुद्दाम सांगितलं. युक्तिवाद टिकवायचा तर पैसा कुठून येतो आणि कुठे जातो ते दाखवता आलं पाहिजे.

संघाबाहेरच्यांचं मात्र तिथेही वेगळं. लूव्रने 14 जानेवारी 2026 पासून युरोपीय आर्थिक क्षेत्राबाहेरून (म्हणजे युरोपीय संघ, नॉर्वे, आइसलँड आणि लिकटेनस्टाइन सोडून इतर देशांतून) येणाऱ्यांना 32 युरो लावले आहेत. पुण्याहून पॅरिसला जाणाऱ्या जोडप्याला दोघांत 20 युरो जास्त. आता 'परदेशी पाहुण्यांकडून जास्त घेणं शोभत नाही' असं म्हणणारे आमचे नातेवाईक काय म्हणतात ते पाहायचं.

मग वेरूळ गावात राहणाऱ्या माणसाला काय मिळतं?

हा प्रश्न पाहुणे विचारत नाहीत, वेरूळचे लोक विचारतात. उत्तर आहे: दरपत्रकात काहीही नाही.

आपल्या व्यवस्थेत देशातला आणि देशाबाहेरचा एवढाच भेद आहे. गावातला आणि गावाबाहेरचा हा भेदच नाही. सासरहून माहेरी आलेली लेक जावयाला आणि दिरांना लेणी दाखवायला निघाली, तर वेशीबाहेरच्या त्या डोंगरासाठी प्रत्येकी 40 मोजायचे, दिल्लीहून विमानाने आलेल्याने मोजायचे तेवढेच. आणि गर्दीच्या रविवारी वाहनांची रांग, धूर, कचरा, पाण्याची ओढ हे सगळं दिल्लीवाला संध्याकाळी सोडून जातो, गाव मागे राहतं. संरक्षित हद्दीपासून 100 मीटरच्या आत नवं बांधकाम करायला कायद्याने बंदी आहे, पुढच्या 200 मीटरमध्ये परवानगी लागते. लेण्यांसाठी गावाने हे सोसलं. बदल्यात तिकिटावर पाच रुपयांचीही सूट नाही.

जपानातल्या हिमेजी शहराने हा प्रश्न वेगळा सोडवला. तिथल्या किल्ल्यासाठी परदेशी माणसांना वेगळा दर लावावा, अशी कल्पना महापौरांनी 2024 मध्ये बोलून दाखवली होती. बराच गदारोळ झाला आणि शेवटी राष्ट्रीयत्वाचा भेद वगळला गेला. मार्च 2026 पासून हिमेजीच्या रहिवाशाला 1000 येन, बाकी सगळ्यांना 2500, मग तो टोकियोचा जपानी असो की नागपूरचा मराठी. अठरा वर्षांखालच्या सगळ्यांना मोफत. किल्ल्याची व्यवस्था शहर पाहतं, शहराचे लोक नगरपालिकेला कर देतात, म्हणून त्यांना कमी. इटलीला जो धागा दाखवता आला नाही तो इथे उघड दिसतो.

जॉर्डनमधल्या पेट्रा या खडकात कोरलेल्या प्राचीन नगराने तिसरंच माप काढलं. देशात रात्र काढणाऱ्या परदेशी पाहुण्याला 50 दिनार, सकाळी सीमा ओलांडून येऊन संध्याकाळी परत जाणाऱ्याला 90. तुम्ही इथे जेवलात, झोपलात, चार पैसे गावात सोडलेत, तर तिकीट कमी. कंबोडियात अंगकोरच्या प्राचीन देवळांना तर देशाच्या नागरिकांना तिकीटच नाही. परदेशी पाहुण्याला एका दिवसाचे 37 डॉलर, त्यातले 2 डॉलर मुलांच्या रुग्णालयाला जातात.

मला विचाराल तर वेरूळ, अजिंठ्याजवळचं फरदापूर, घारापुरी, कार्ले या गावांच्या रहिवाशांना शिधापत्रिका दाखवून मोफत सोडावं. त्यांची संख्या ती किती! खजिन्याला त्याचा चटका बसणार नाही, आणि लेणी 'सरकारची' आहेत असं म्हणणारं गाव हळूहळू 'आमची' म्हणू लागेल. घृष्णेश्वराच्या देवळाबद्दल ते तसं म्हणतातच.

तिकिटाचा पैसा लेण्यांवरच खर्च होतो ना?

थेट नाही. तिकिटाची रक्कम केंद्र सरकारच्या एकत्रित निधीत जमा होते आणि पुरातत्त्व खात्याला अर्थसंकल्पातून पैसे मिळतात. वेरूळला गर्दी वाढली म्हणून वेरूळला आपोआप जास्त पैसे, असं नातं नाही.

ताजमहालाचं तिकीट पाहिलं की वेगळी वाट दिसते. तिथे परदेशी पाहुण्याच्या 1100 पैकी 500 आणि भारतीयाच्या 50 पैकी 10 रुपये आग्रा विकास प्राधिकरणाचे. मुख्य कबरीपाशी जायचं तर आणखी 200 सगळ्यांनाच. वाटा कमी-जास्त म्हणा, पण शहराचा वाटा तिकिटात आहे.

एक आणखी: देशात या खात्याकडे 3600 हून अधिक संरक्षित स्मारकं आहेत आणि तिकीट त्यातल्या दीडशेच्या आसपास ठिकाणांनाच. पितळखोऱ्याच्या लेण्यांना जा, कुणी तिकीट फाडत नाही. कुणी फारसं भेटतही नाही. मिळकतीच्या जागांनी बिनमिळकतीच्या जागा पोसायच्या, हे एकत्रित निधीच्या बाजूचं खरं कारण, आणि ते दुबळं नाही.

फरदापूरला गाडी लावली तिथे वेगळे पैसे घेतले. हे कसले?

तो लेण्यांचा दर नाही. अजिंठ्यापासून चार किलोमीटर अलीकडे खासगी गाड्या थांबवतात, कारण धुराने चित्रांना धोका होतो. तिथे वाहनतळ, सोयीसुविधांचं शुल्क आणि पुढच्या बसचं भाडं लागतं. घारापुरीला बोटीचं भाडं वेगळं आणि ग्रामपंचायतीचा कर वेगळा. ग्रामपंचायतीचे पैसे मी कुरकुर न करता देते, कारण ते निदान त्या गावात राहतात.

देवाला जायलाही तिकीट?

लेण्याद्रीचा गिरिजात्मज हा अष्टविनायकांपैकी एकच असा, जो बौद्ध लेण्यांच्या रांगेत बसला आहे. लेणी संरक्षित, म्हणून पायथ्याशी तिकीट. नवस फेडायला आलेल्या बाईलाही, लेणी पाहायला आलेल्या अभ्यासकालाही. तीनशेच्या आसपास पायऱ्या चढायच्या त्या वेगळ्याच. कार्ल्याला उलट आहे. एकवीरा आईचं देऊळ चैत्यगृहाच्या अगदी तोंडाशी आहे, कोळी बांधव पालख्या घेऊन थेट देवीपाशी येतात, आणि पलीकडे लेण्यात जायचं तरच तिकीट. जुन्या गोव्यात बॉम जीझस बॅसिलिका जागतिक वारसा असूनही प्रार्थनेची जागा आहे, तिथे कुणालाच तिकीट नाही.

तीन ठिकाणी तीन तऱ्हा. ज्याची पूजा चालू आहे तिथे दर्शनाला तिकीट नसावं, असं मला वाटतं, पण लेण्याद्रीला भाविक आणि पर्यटक एकाच पायऱ्यांनी जातात, त्यांना वेगळं कसं करायचं? पुन्हा तोंडाकडे पाहूनच ना? म्हणून तिथे भारतीय-परदेशी सगळ्यांनाच मोफत केलेलं बरं.

आपल्या गडांना जागतिक वारसा मिळाला. आता गडावरही 40 लागणार?

11 जुलै 2025 रोजी यादीत आलेल्या 12 किल्ल्यांपैकी 11 महाराष्ट्रातले आणि जिंजी तमिळनाडूतला. साल्हेर, राजगड, खांदेरी आणि प्रतापगड राज्याच्या पुरातत्त्व विभागाकडे आहेत, बाकीचे केंद्राकडे. दर्जा मिळाला म्हणून दर आपोआप बदलत नाही. त्यासाठी केंद्राला राजपत्रात अधिसूचना काढावी लागते. रायगडाच्या रोपवेचं भाडं मात्र वेगळं असतं, ते तिकीट समजून भांडू नका.

फुकट कधी असतं?

18 एप्रिलला, जागतिक वारसा दिनी, आणि 19 नोव्हेंबरला, वारसा सप्ताहाच्या पहिल्या दिवशी. 8 मार्चला बायकांना. त्या दिवशी शांतपणे चित्रं पाहायची आशा धरू नका.

परदेशी पाहुण्याला हे कसं समजावायचं?

समजावू नका. 550 चं तिकीट आदल्या रात्री मोबाइलवरून तुम्हीच काढून ठेवा आणि घरी आलेला पाहुणा म्हणून पैसे घेऊ नका. विचारलंच तर खरं सांगा. माझ्या आतेबहिणीच्या सहकाऱ्याने सगळं ऐकून घेतलं, मग म्हणाला, आमच्या गावच्या तलावावरही बाहेरच्यांना गाडी लावायचे जास्त पैसे पडतात.

कुठल्या दिवशी जावं?

अजिंठा सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी बंद, घारापुरीही सोमवारी बंद. आमच्याकडे रविवारी रात्री उतरणारे पाहुणे हमखास 'उद्या अजिंठा' म्हणतात. उद्या वेरूळ, परवा विश्रांती, बुधवारी अजिंठा. निघायचं सकाळी सहाला, डबा घरून.